राजद्रोह, देशद्रोह आणि मधली फट

२०१६ सालच्या ऑक्टोबरात पणजीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये सिनेमाआधी राष्ट्रगीत लागलं. सगळे उभे राहिले, एक जण बसून होता. मागच्या बाजूने त्याला फटका बसला, वर उठत का नाहीस म्हणून आरडाओरडाही झाला. त्याला खरोखरच उठता येत नव्हतं. मणक्याच्या दुखापतीमुळे तो लेखक कित्येक वर्षं चाकाची खुर्ची वापरत होता.

मारणाऱ्याला मी गुंड म्हणणार नाही. तिकीट काढून सिनेमाला आलेला साधा प्रेक्षक होता तो. त्या क्षणी आपण देशाचं काम करतोय, अशी त्याची पक्की खात्री असणार. गोष्ट अवघड होते ती इथेच. पाकीट मारणाऱ्याला निदान आपण चोरी करतोय हे ठाऊक असतं.

'देशप्रेम: शाप की वरदान' असा विषय शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दिला, तर दहापैकी दहा मुलं वरदान म्हणतील आणि टाळ्या घेऊन खाली बसतील. मोठ्या माणसांत मात्र दोन तट पडतात. एकाला देशप्रेमाशिवाय देश टिकणार नाही असं वाटतं, तर दुसऱ्याला देशप्रेमाचा ढोल वाजला की आपल्या दाराला कडी लावावीशी वाटते. दोघांकडेही पुरावे आहेत. मला स्वतःला हा वाद सुटलेला दिसतो तो दोन मराठी शब्दांपाशी, आणि ते शब्द आपण रोज एकमेकांच्या जागी वापरतो.

राजद्रोह आणि देशद्रोह.

राजद्रोह म्हणजे राज्य करणाऱ्याविरुद्धचा द्रोह, मग तो राजा असो, कंपनी सरकार असो की निवडून आलेलं मंत्रिमंडळ असो. देशद्रोह म्हणजे देशाशी दगा. सीमेवरची गुपितं पैसे घेऊन विकली, तर तो देशद्रोह. मंत्र्याचं व्यंगचित्र काढलं, तर फार तर राजाला राग येईल. देशाचं त्यात काय गेलं?

ज्यांना हे पुस्तकी वाटतं, त्यांनी आपली हाउसिंग सोसायटी आठवावी. सोसायटी वेगळी आणि सोसायटीची कमिटी वेगळी. वार्षिक सभेत कोणी पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागितला की सेक्रेटरी म्हणतात, "तुम्हाला सोसायटीची काही पडलेलीच नाही." खरं तर हिशेब मागणाऱ्यालाच ती सगळ्यांत जास्त पडलेली असते. (तो माणूस बऱ्याचदा खवचट असतो, हेही खरं. पण हिशेब हिशेबाच्या जागी.) सेक्रेटरींनी एवढंच केलं की 'कमिटी' हा शब्द काढून तिथे 'सोसायटी' बसवला. सोसायटीत यातून फार तर भांडण होतं. देशात हीच अदलाबदल झाली की माणसं तुरुंगात जातात.

देश आणि सरकार यांच्यात एक फट असते. ती उघडी असली की देशप्रेमासारखी कामाची गोष्ट नाही, आणि ती बुजवली की तेच देशप्रेम हातातली काठी होतं. भारतात ही फट कोणी कधी बुजवली आणि कोणी पुन्हा उकरली, हे बघायला एका कायद्याची गोष्ट पुरते. त्या गोष्टीचा मोठा भाग मुंबई-पुण्यातच घडला.

अप्रीतीचा गुन्हा

भारतीय दंड संहिता १८६० ची. मेकॉलेने १८३७ मध्ये केलेल्या मसुद्यात राजद्रोहाचं कलम होतं, पण प्रत्यक्ष कायद्यात ते आलं नाही. चुकून राहिलं, असं पुढे सांगण्यात आलं. १८७० साली ते १२४-अ या क्रमांकाने घातलं गेलं. गुन्हा काय? तर कायद्याने स्थापन झालेल्या सरकारबद्दल लोकांच्या मनात 'डिसअफेक्शन' निर्माण करणं. मराठी कायद्याच्या भाषेत याला शब्द आहे 'अप्रीती'. मोठा मजेदार शब्द आहे. खून, चोरी, दंगल या गोष्टी घडल्या की दिसतात. अप्रीती कशी दिसायची? प्रेम नसल्याचा पंचनामा कसा करायचा?

या कलमाखालचा पहिला गाजलेला खटला १८९१ चा. कलकत्त्याच्या 'बंगबासी' पत्राचे जोगेंद्रचंद्र बोस आरोपी होते. ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि पुढे दिलगिरीवर प्रकरण मिटलं. त्यांनी काय लिहिलं होतं ते मी थोडं खाली सांगणार आहे, कारण ते आपल्याला अडचणीत टाकणारं आहे.

दुसरा खटला पुण्याचा. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत घुसून झडत्या चालल्या होत्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि महिन्याभराने टिळकांना अटक झाली. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखाबद्दल त्यांच्यावर खटला झाला, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. तसं नाही. खटला चालला तो १५ जूनच्या 'केसरी'तल्या मजकुरावर: 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. भाषणात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. सरकारचं म्हणणं असं, की नाव शिवाजीमहाराजांचं असलं तरी रोख आमच्यावर आहे.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला 'डिसअफेक्शन'चा अर्थ सांगितला: अफेक्शन नसणं. प्रेमाचा अभाव. द्वेष, वैर, तुच्छता, कोणत्याही प्रकारची वाईट भावना त्यात आली. दंगल झाली का, कोणी कोणाला मारलं का, याला महत्त्व नाही. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मतांची फाळणी कशी झाली असेल, हे वेगळं सांगायला नको.

या एका व्याख्येत फट पूर्ण बुजली. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा झाला. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती करून द्वेष आणि तुच्छता हे शब्दही घालण्यात आले.

१९०८ मध्ये दुसरी फेरी झाली. मुझफ्फरपूरला बाँब फुटला होता. टिळकांनी 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख लिहिले. बाँबचा मार्ग चुकीचा, पण तरुणांना त्या मार्गावर सरकारच्या दडपशाहीने ढकललं, असा त्यांचा सूर होता. ज्यूरीसमोर त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली आणि ते एकवीस तासांहून जास्त बोलले. त्यातला बराच वेळ भाषांतरावर गेला. लेख मराठीत, ज्यूरीतले बहुतेक जण मराठी न वाचणारे, आणि त्यांच्या हातात सरकारी भाषांतरकाराचं इंग्रजी. माझे शब्द वाकवले आहेत, हे टिळक एकेक शब्द काढून दाखवत होते. अप्रीती मोजायची, तीही दुसऱ्या भाषेतून! सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षं मंडाले.

शिक्षा देणारे न्यायमूर्ती होते दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे होते. माणूस तोच, खुर्ची बदललेली.

निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिलं. देशप्रेम म्हणजे निव्वळ भाबडेपणा असं म्हणणाऱ्यांनी या सहा दिवसांचा विचार करावा. पोटावर पाय देऊन, गोळीबार सोसून, आपल्या जातीचा ना गावचा अशा एका संपादकासाठी माणसं रस्त्यावर आली. अनोळखी माणसाच्या दुःखात स्वतःचं काही गेलं असं वाटायला लावणारी ताकद फार थोड्या गोष्टींत असते. धर्मात असते, जातीत असते, आणि या दोन्हींच्या पलीकडे जायचं असेल तर देशाच्या कल्पनेत.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधी उभे राहिले. त्यांनी वादच घातला नाही. गुन्हा कबूल केला आणि म्हणाले, की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही आणि कायद्याने त्याचं नियमनही होत नाही. ज्याला कोणाबद्दल अप्रीती वाटते, त्याला ती पूर्णपणे बोलून दाखवायची मोकळीक हवी, जोवर तो हिंसेला चिथावणी देत नाही तोवर. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन तेवढीच, म्हणजे सहा वर्षांची शिक्षा दिली. 'जोवर हिंसेला चिथावणी देत नाही' हे शब्द लक्षात ठेवा. चाळीस वर्षांनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून येणार आहेत.

स्वातंत्र्य, पण कोणाचं?

आता ते अडचणीचं पान. जोगेंद्रचंद्र बोस यांनी १८९१ मध्ये टीका केली होती ती संमतिवयाच्या कायद्यावर. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय, लग्नातसुद्धा, दहावरून बारा करणारा हा कायदा. त्याआधीच्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. म्हणजे राजद्रोहाच्या पहिल्या गाजलेल्या खटल्यातला आरोपी, आजच्या भाषेत, बालविवाहाच्या बाजूने लिहीत होता.

आणि टिळक? त्यांचाही या विधेयकाला विरोधच होता. सुधारणा करायच्या तर आमच्या आम्ही करू, परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. रखमाबाईंच्या खटल्यातही 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, वाटल्यास तुरुंगात जाईन, असं ती बाई मुंबईच्या कोर्टात म्हणत होती. टिळकांचे जुने मित्र आगरकर मात्र 'सुधारका'तून दुसऱ्या बाजूला उभे होते.

इथे देशप्रेम आणि स्वातंत्र्याचं रक्षण, दोन्ही एका बाजूला होतं आणि तरीही मला ती बाजू चुकीची वाटते. कारण ज्या स्वातंत्र्याचं रक्षण चाललं होतं, ते घरातल्या कर्त्या पुरुषाचं. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीचं नव्हतं. 'आमच्या देशाच्या गोष्टीत बाहेरच्यांनी बोलू नये' हे वाक्य कानावर पडलं की मी आधी बघतो, 'आमच्या' या शब्दात नेमके कोण कोण बसलेत.

मग बोसांवरचा खटला योग्य होता का? नव्हता. चुकीचं मत खोडायला आगरकर पुरेसे होते, त्याला कलम १२४-अ लागत नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्याची परीक्षा नेहमी अशाच माणसापाशी होते, ज्याचं बोलणं आपल्याला सहन होत नाही.

'आमच्या'त न बसलेल्यांची बाजू सगळ्यांत टोकदारपणे मांडली ती बाबासाहेबांनी. ऑगस्ट १९३१, मुंबईचं मणिभवन. गांधींशी पहिलीच भेट. बाबासाहेब म्हणाले, "गांधीजी, मला मायभूमी नाही." जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवलं जातं, प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी माझी कशी म्हणू, असा त्यांचा प्रश्न होता. अप्रीती म्हणतात ती हीच, शंभर नंबरी. स्ट्रॅचीच्या व्याख्येने तो गुन्हा ठरला असता, फक्त सरकार इंग्रजांचं होतं आणि तक्रार आपल्या समाजाबद्दल होती. याच माणसाने अठरा वर्षांनी देशाला संविधानाचा मसुदा दिला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशाराही दिला: धर्मात भक्ती आत्म्याला मोक्ष देत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग. देशावर सगळ्यांत जास्त कष्ट घेतलेला माणूस भक्तीपासून सावध करतो आहे, ही मला देशप्रेमाची फार वरची जात वाटते.

आपलं राज्य आलं, कलम राहिलं

स्वातंत्र्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण यातला बराचसा भाग वकिली आहे. संविधान सभेत भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांच्या यादीत आधी राजद्रोह होता. कन्हैयालाल मुन्शी यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो शब्द काढायला लावला. लोकशाहीत सरकारवर टीका करणं हेच तर काम असतं, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणून कलम १९ मध्ये राजद्रोह हा शब्द नाही. दंड संहितेतलं १२४-अ मात्र जागच्या जागी राहिलं.

१९५० मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. त्यावर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे नवं कारण निर्बंधांत घुसलं. गंमत म्हणजे त्याच चर्चेत नेहरू १२४-अ ला अत्यंत आक्षेपार्ह आणि किळसवाणं म्हणाले. जितक्या लवकर जाईल तितकं बरं, असंही म्हणाले. म्हणाले, आणि ते कलम तसंच ठेवून पुढे गेले. विरोधात असताना सगळ्यांनाच हा कायदा जुलमी वाटतो. खुर्चीवर बसलं की तो कपाटात राहू दे, लागला तर असू दे, असं वाटू लागतं. हा रोग कोणत्या एका पक्षाचा नाही.

शेवटी २० जानेवारी १९६२ रोजी केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. बिहारमधल्या बरौनीच्या सभेत या कार्यकर्त्याने सरकारला आणि गुप्त पोलिसांना शेलक्या शिव्या घातल्या होत्या. न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण त्याचे दात काढले. सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी तो राजद्रोह होत नाही. हिंसेला चिथावणी असेल, किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू अथवा कल असेल, तरच गुन्हा. म्हणजे स्ट्रॅची गेले आणि गांधींचं अहमदाबादचं म्हणणं बरंचसं आत आलं.

कसोटी कशी लागते याचं चांगलं उदाहरण बलवंत सिंग खटल्याचं. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली तो दिवस. चंदीगडमध्ये एका सिनेमागृहाबाहेर दोघांनी 'खलिस्तान झिंदाबाद'च्या घोषणा दिल्या. याहून वाईट वेळ आणि याहून चीड आणणारी घोषणा कोणती असेल? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. दोन माणसांनी दोनचार वेळा घोषणा दिली, लोकांनी लक्ष दिलं नाही, काहीही घडलं नाही. एवढ्याने भारत नावाचा देश हलत नाही. मला हा निकाल देशाबद्दलच्या विश्वासाचा वाटतो. ज्याचा स्वतःच्या घराच्या भिंतींवर भरवसा असतो, तो पोरांनी दारावर मारलेल्या चेंडूने दचकत नाही.

तशीच केरळातली तीन भावंडं. १९८५ मध्ये शाळेत राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या ख्रिस्ती पंथाला ते मान्य नव्हतं. शाळेने त्यांना काढलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालाच्या शेवटी लिहिलं, की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपलं संविधान ती आचरणात आणतं, ती पातळ करू नका.

कागदावर एवढं स्वच्छ असूनही पोलिस ठाण्यात काय होतं? २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली ती संसद आणि राजमुद्रा यांवरच्या व्यंगचित्रांमुळे. केदारनाथ निकालाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. त्या प्रकरणानंतर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलिसांसाठी परिपत्रक काढलं, त्याच्याच शब्दांवरून गदारोळ झाला आणि ते मागे घ्यावं लागलं. २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत देशभरात राजद्रोहाचे ३२६ गुन्हे नोंदले गेले, शिक्षा झाली सहा जणांना. हा आकडा बघितला की कलमाचा खरा उपयोग लक्षात येतो. शिक्षा व्हावी लागतच नाही. अटक, जामिनाची धावपळ, वर्षानुवर्षं तारखा, आणि शेजाऱ्यांच्या तोंडी बसलेला 'देशद्रोही' हा शब्द. चौकशी राजद्रोहाची, बदनामी देशद्रोहाची.

रक्षणाच्या नावाखाली

स्वातंत्र्याच्या रक्षणाचंही असंच आहे. देशाला खरे शत्रू असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २६/११ ची रात्र मुंबईने बघितली आहे. राज्यच कोसळलं तर स्वातंत्र्याची दाद-फिर्याद कुठे करणार? म्हणून राज्याला कठोर कायदे हवेतच, हा युक्तिवाद मी मान्य करतो. फक्त एवढं बघावं, की कसाबला शिक्षा झाली ती खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं अशा गुन्ह्यांखाली. कलम १२१ त्यासाठी आहे आणि ते चोख चाललं. कोणाच्या मनात सरकारबद्दल प्रीती आहे की नाही, हे तपासायची गरज पडली नाही.

याच्या उलट २५ जून १९७५. अंतर्गत अशांततेपासून देशाचं रक्षण करायचं म्हणून आणीबाणी आली. एक लाखाहून अधिक माणसं बिनचौकशी किंवा जुजबी आरोपांवर आत गेली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. 'देश संकटात आहे' या वाक्यातला देश म्हणजे त्या वेळी बऱ्याच अंशी एका पंतप्रधानांची खुर्ची होती.

त्या डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला श्रोत्यांना उभं केलं. तेही उभं राहणंच होतं, पणजीतल्या थिएटरसारखं. पण इथे मागून कोणी मारणार नव्हतं. पुढून सरकार बघत होतं, आणि तरी माणसं उभी राहिली. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावं लागलं.

एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रश्नाचा निकाल दिला: आणीबाणीत बेकायदा अटक झाली, तर माणसाला कोर्टाचं दार वाजवता येईल का? नऊ उच्च न्यायालयांनी 'येईल' म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी 'नाही' म्हटलं. एकटे हंसराज खन्ना वेगळे राहिले, आणि नऊ महिन्यांनी ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात हा निकाल रद्दबातल ठरवणारे शब्द लिहिले ते त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी. त्याच वर्षी थिएटरमधल्या राष्ट्रगीताच्या सुनावणीतही ते म्हणाले, की लोकांनी देशप्रेम बाहीवर लावून फिरायची गरज नाही. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांत राष्ट्रगीत वाजवण्याची सक्ती काढून टाकली.

खन्ना आणि बहुमतातले चौघे, यांत देशप्रेमी कोण? पाचही जण असतील. पण देशाच्या कामी आलं ते 'नाही' म्हणणारं एक मत.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर थांबवला. ब्रिटनने स्वतःकडचा राजद्रोहाचा गुन्हा त्याआधीच, २००९ मध्ये, मोडीत काढला होता. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात १२४-अ नाही. अप्रीती गेली, गुन्ह्याच्या व्याख्येतून सरकार हा शब्दही गेला. त्याऐवजी कलम १५२ आहे: देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं. जन्मठेप, किंवा सात वर्षांपर्यंत कैद. राजद्रोह काढून देशद्रोह आणला, असं संसदेत अभिमानाने सांगितलं गेलं. ऐकायला ते माझ्याच म्हणण्यासारखं आहे: राजाला वगळा, देशाला जपा. पण कलमाचा मजकूर वाचला की मी थबकतो. सशस्त्र बंडाच्या शेजारीच 'विध्वंसक कारवाया' आणि 'फुटीरतेच्या भावनांना उत्तेजन' असे शब्द आहेत. भावना परत आल्या! आणि सरकारवरची कोणती टीका कोणाला देशाची अखंडता मोडणारी वाटेल, हे पहिल्यांदा ठरवणारा माणूस तोच आहे, ठाण्यातला अंमलदार. केदारनाथची कसोटी या नव्या शब्दांनाही लावली जाईल का, यावर आता सगळं आहे.

मुंबई उच्च न्यायालयात ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर एक पाटी आहे. टिळकांना शिक्षा झाली ते हे दालन. पाटीवर दावर यांच्या निकालातलं वाक्य नाही. शिक्षा ऐकल्यावर आरोपी जे बोलला, ते आहे: ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तिचं अनावरण केलं. त्या दिवशी १२४-अ दंड संहितेत होतंच, आणि त्यानंतरही ते अडुसष्ट वर्षं राहिलं.